शंभरांतून दोन

घरच्या घरी ॲम्प्लिफायर बांधणाऱ्या माणसांचा वर्ग संख्येने लहान असला, तरी त्याच्या चालीरीती इतक्या पक्क्या आहेत की त्यांचा स्वतंत्र अभ्यास व्हायला हरकत नाही. या वर्गातील व्यक्ती बाजारात तयार मिळणारी वस्तू तिच्या कितीतरी पट खर्च करून, बऱ्याच महिन्यांच्या विलंबाने आणि बहुधा पेटीवाचून तयार करते आणि हे सर्व काटकसरीच्या नावाखाली करते, हे लक्षण सर्वपरिचित आहे. परंतु तिचे खरे वैशिष्ट्य बांधकामात नसून बांधकामापूर्वीच्या एका विधीत आहे, आणि तो विधी म्हणजे ट्रान्झिस्टर मोजून त्यांच्या सारख्या जोड्या लावणे. या विधीला बांधकामापेक्षा अधिक वेळ लागतो. कित्येक ठिकाणी तर विधी यथासांग पार पडून बांधकाम तेवढे राहून गेलेले आढळते. जोडी जुळवण्याचा विषय निघाला की मराठी वाचकाच्या मनात लग्नपत्रिका, छत्तीस गुण आणि मंगळ हे ओळीने उभे राहतात, आणि ती उपमा इतकी आयती आहे की गंभीर विवेचनात तिला फाटा देणेच शिष्टसंमत ठरेल. एवढेच नमूद करावे की पत्रिकेत छत्तीसांपैकी अठरा गुणांवर भागते, ट्रान्झिस्टरवाल्याचे पस्तीसांवरही भागत नाही.

ट्रान्झिस्टर म्हणजे सिलिकॉनच्या कणावर घडवलेला, तीन पायांचा घटक. त्याच्या बेस नावाच्या पायात शिरणाऱ्या क्षीण प्रवाहाच्या प्रमाणात कलेक्टर आणि एमिटर या उरलेल्या दोन पायांमधून मोठा प्रवाह वाहतो, आणि हा मोठा प्रवाह लहान प्रवाहाच्या किती पट आहे हे सांगणाऱ्या आकड्याला प्रवाहवृद्धी किंवा कारागिरांच्या बोलीत ‘गेन’ म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला आणि विल्यम शॉक्ली यांच्यासह त्यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर या घटकाने जगातील बहुतेक यंत्रांची कामे आपल्याकडे घेतली. फक्त आपल्याच नावाच्या दुसऱ्या नगासारखे वागणे एवढे त्याला अजून जमलेले नाही. बीसी ५४७ हा अत्यंत स्वस्त आणि कोठेही मिळणारा ट्रान्झिस्टर घेतला, तर त्याच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या गुणधर्मपत्रकात, प्रवाहवृद्धी ११० ते ८०० असल्याचे निर्विकारपणे छापलेले असते. दोन नग एकमेकांच्या सातपट वेगळे निघाले, तरी उत्पादकाच्या मते तो एकच माल होय, आणि या विधानावर कोणत्याही ग्राहकमंचाकडे दाद मागता येत नाही. कारखान्यात माल आधी तयार होतो आणि मग मोजून त्याची प्रतवारी केली जाते: ११० ते २२० गेनचे नग ‘ए’ गटात, २०० ते ४५० चे ‘बी’ गटात आणि ४२० ते ८०० चे ‘सी’ गटात जातात, म्हणजे २१० गेनचा नग ‘ए’ गटातही शोभतो आणि ‘बी’ गटातही. शिकाऊ मनुष्य ‘ए’ म्हणजे सर्वोत्तम असे समजून आग्रहाने तोच गट मागतो आणि सर्वांत कमी गेनचा माल समाधानाने घरी नेतो.

जोडीची गरज काय, या प्रश्नाचे उत्तर ॲम्प्लिफायरच्या प्रवेशद्वारापाशी सापडते. तेथे बहुधा दोन ट्रान्झिस्टर एमिटर एकत्र जोडून बसवलेले असतात; त्यांपैकी एकाकडे बाहेरून येणारे संगीत जाते, दुसऱ्याकडे ॲम्प्लिफायरने तयार केलेल्या आवाजाचा एक अंश परत आणून दिला जातो, आणि या दोघांत जो फरक दिसेल तेवढाच पुढे वाढवला जातो. या रचनेला ‘डिफरन्शिअल पेअर’ म्हणतात आणि तिचा व्हॉल्व्हच्या काळातील अवतार इंग्लंडमधील ॲलन ब्लमलाइन यांनी १९३६ मध्ये पेटंटसाठी नोंदवला होता. दोन्ही ट्रान्झिस्टर सारखे असतील, तर फरक केवळ संगीताचा निघतो. ते असमान असतील, तर संगीत बंद असतानाही काही फरक शिल्लक राहतो आणि तो बाहेर पडणाऱ्या तारेवर अल्पसा स्थिर व्होल्टेज होऊन बसतो. हा व्होल्टेज काही मिलिव्होल्टांचा असेपर्यंत स्पीकरला त्याची दखल नसते. ती दखल घेण्याचे काम ॲम्प्लिफायर बांधणारा मनुष्य करतो, कारण त्याच्याजवळ मल्टिमीटर असतो, आणि ज्याच्याजवळ मल्टिमीटर आहे त्याला शून्याखेरीज कोणताही आकडा स्वस्थ बसू देत नाही.

मुंबईत या साधनेची सुरुवात ज्या रस्त्यावर होते त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, परंतु तेथे जाणारा प्रत्येक जण त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतो. पुण्यात हेच तीर्थ बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आहे. दोन्हीकडे घडणारा संवाद जवळजवळ ठरलेला असतो. ग्राहक बीसी ५४७ चे शंभर नग मागतो, त्यावर दुकानदार आदराने “साहेब, तुमचं दुकान कुठे?” असे विचारतो, दुकान नाही, ॲम्प्लिफायर करायचा आहे, असे उत्तर मिळाल्यावर त्यात किती लागतात अशी पृच्छा होते, “दोन” हे उत्तर ऐकून दुकानदार “मग दोनच न्या ना” असा, व्यापाराच्या दृष्टीने आत्मघातकी पण माणुसकीला धरून असलेला, सल्ला देतो. शंभरांतून दोन निवडायचे आहेत, हे त्याला समजावून सांगण्याच्या फंदात अनुभवी ग्राहक पडत नाही. नवखा पडतो, आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावर जी सहानुभूती उमटते ती रुग्णाच्या नातेवाइकाच्या वाट्याला येणारी असते.

येथे मालाच्या स्वरूपाविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. ट्रान्झिस्टर कागदी पट्टीवर ओळीने चिकटवलेले येतात तसेच ड्रॉवरमधून मुठीने काढलेले सुटेही मिळतात. पट्टीवरचे शेजारी बहुधा एकाच घाण्यातून निघालेले असल्याने मुळातच एकमेकांच्या इतके जवळ असतात की मोजणाऱ्याला फारसे काम उरत नाही, तर ड्रॉवरमधल्या सुट्या मालात निरनिराळ्या कारखान्यांची, वर्षांची आणि नशिबांची सरमिसळ असते. व्यवहारबुद्धी पट्टी घ्यावी असे सांगते. परंतु शंभर नग मोजून सगळेच सारखे निघाले तर तो शोध कसला, अशी एक सुप्त नाराजी या छंदात असल्यामुळे पट्टी घेणाऱ्याच्या मनातही काहीतरी हुकल्याची भावना राहते. मोठ्या, म्हणजे स्पीकरला प्रत्यक्ष प्रवाह पुरवणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या बाबतीत प्रश्न सारखेपणाचा नसून खरेपणाचाच असतो. तोशिबाच्या २एससी५२०० या १५० वॅटच्या नामांकित नगाच्या नकला जगभर विकल्या जातात, आणि आतला सिलिकॉनचा तुकडा नखाएवढा आहे की तिळाएवढा, हे पाहण्यासाठी जाणकार लोक नग कापून किंवा फोडून बघतात. ही कसोटी अचूक आहे. फक्त माल अस्सल असल्याचे सिद्ध होते त्या क्षणी तो वापरण्याजोगा उरलेला नसतो.

घरी आल्यावर पहिला अडथळा पायांचा येतो. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे धरून डावीकडून वाचले, तर बीसी ५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. अमेरिकन वळणाच्या २एन३९०४ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. आणि जपानी २एससी१८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तीन पाय तीन प्रकारे मांडण्यासाठी तीन खंडांनी स्वतंत्र विचार केला याचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. यातली खरी मेख अशी की कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल झाली तरी ट्रान्झिस्टर संप पुकारत नाही. तो उलटाही चालतो, मात्र गेन फारच कमी दाखवतो. अशा रीतीने उलटे बसवून मोजलेले नग निकामी ठरवून फेकण्यात आलेले आहेत, आणि त्याहून वाईट म्हणजे उलटे बसवूनच त्यांच्या उत्तम जोड्याही लावण्यात आलेल्या आहेत.

गेन मोजण्याची सोय बहुतेक स्वस्त मल्टिमीटरांत असते. डायलवर ‘एचएफई’ अशी खूण आणि शेजारी लहान छिद्रांचे गोल सॉकेट असते. त्यात पाय खोचले की पडद्यावर आकडा उमटतो. हे मीटर बेसमध्ये सुमारे १० मायक्रोअँपिअर इतका प्रवाह सोडून, कलेक्टरला तीनेक व्होल्ट देऊन मोजमाप करते, म्हणजे ३०० गेनच्या नगातून तीन मिलिअँपिअर वाहतात आणि ५०० गेनच्या नगातून पाच. गेन प्रवाहानुसार बदलत असल्याने प्रत्येक नगाची परीक्षा वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर होते, आणि प्रत्यक्ष ॲम्प्लिफायरमध्ये त्या नगाला या दोहोंपेक्षा निराळाच प्रवाह मिळणार असतो. २एन३०५५ या पंज्यात धरावा लागणाऱ्या धातूच्या ट्रान्झिस्टरची तर याच सॉकेटवर तारा जोडून चाचणी घेतली जाते. ज्याच्या डेटाशीटमध्ये ४ अँपिअर प्रवाहाला २० ते ७० गेन लिहिलेला आहे, त्या मल्लाची ताकद अशा रीतीने काही दशसहस्रांश अँपिअरवर अजमावली जाते, आणि त्यावरून निघालेला आकडा वहीत लाल शाईने लिहिला जातो.

गेनच्या बाबतीत आणखी एक अप्रिय सत्य आहे. चांगला आराखडा करणारा अभियंता गेनवर कधी विसंबतच नाही. ११० असो वा ८००, मंडल चाललेच पाहिजे अशा बेताने तो रोध निवडतो. डिफरन्शिअल पेअरमध्ये खरे महत्त्व असते ते बेस आणि एमिटर यांच्यामधील व्होल्टेजला, ज्याला या मंडळींच्या बोलीत ‘व्हीबीई’ म्हणतात. साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये हा व्होल्टेज ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास असतो आणि त्याचे प्रवाहाशी असलेले नाते घातांकी आहे: व्हीबीई ६० मिलिव्होल्टने वाढवला की प्रवाह दसपट होतो, १८ मिलिव्होल्टने वाढवला की दुप्पट, आणि एका मिलिव्होल्टचा फरक म्हणजे प्रवाहात सुमारे चार टक्क्यांचा फरक. साध्या मल्टिमीटरच्या डायोड तपासण्याच्या टप्प्यावर शेवटचा आकडाच एका मिलिव्होल्टचा असल्याने एवढ्या मापाने समाधान होत नाही. म्हणून छंदी मनुष्य ब्रेडबोर्डवर दोन नग शेजारी बसवतो, त्यांचे एमिटर जोडतो, दोघांच्या कलेक्टरला तंतोतंत सारखे रोध लावतो आणि दोन कलेक्टरांमधला फरक मोजतो. फरक शून्य आला की जोडी जुळली. येथे रोध तंतोतंत सारखे आहेत हे ठरवण्यासाठी आधी शंभर रोध मोजावे लागतात, हा भाग विषयाच्या कक्षेबाहेरचा म्हणून सोडून देणे भाग आहे.

याच टप्प्यावर निसर्ग प्रयोगात भाग घेऊ लागतो. सिलिकॉनचा व्हीबीई दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्टने उतरतो, आणि ट्रान्झिस्टर ब्रेडबोर्डवर खोचायचा तर तो चिमटीत धरावाच लागतो. चिमटीची ऊब त्याला लागते, मीटरवरचा आकडा सरकू लागतो, मोजणारा तो स्थिर होण्याची वाट पाहतो, आणि वाट पाहताना अधीरतेने वाकून पाहत असल्यामुळे त्याचा श्वास दुसऱ्या नगावर पडतो. एक दशांश मिलिव्होल्टपर्यंत जोडी जुळवण्याची प्रतिज्ञा केलेल्या माणसाने हिशेब मांडला तर त्याला दिसेल की हा फरक अंशाच्या एका विसाव्या भागाइतक्या तापमानबदलाने नाहीसा होतो किंवा दुप्पट होतो. म्हणजे त्याने इतका वेळ ट्रान्झिस्टर मोजले असे म्हणण्यापेक्षा स्वतःची बोटे, खोलीतला वारा आणि खिडकीतून सरकणारे ऊन मोजले, असे म्हणणे शास्त्राला अधिक धरून होईल. ऋतुमानाचाही प्रभाव पडतो. पुण्याच्या डिसेंबरात चिमटीने गरम होणारा ट्रान्झिस्टर नागपूरच्या मे महिन्यातील दुपारी, पंखा बंद असलेल्या खोलीत, त्याच चिमटीने गार होतो, कारण तेव्हा बोटांची त्वचा ही त्या खोलीतली सर्वांत थंड वस्तू असते.

पंखा बंद असण्याचे कारण उघड आहे. वाऱ्याच्या झुळकेने एक नग दुसऱ्याआधी निवतो, सबब मोजणीच्या काळात घरातील पंखे बंद ठेवण्याचा हुकूम निघतो, आणि तो हुकूम काढणारा मनुष्य घामाने निथळत असला तरी कर्तव्यच्युत होत नाही. घरातील इतर मंडळी पहिल्या दिवशी कुतूहलाने, दुसऱ्या दिवशी नाइलाजाने आणि तिसऱ्या दिवशी शेजारी जाऊन बसून याला तोंड देतात. “अहो, सगळे सारखेच तर दिसतायत” हे विधान प्रत्येक घरात कोणीतरी करते, आणि त्याचे सविस्तर खंडन करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात खोलीचे तापमान अर्धा अंश चढलेले असल्यामुळे मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. बोटांचा स्पर्श टाळण्यासाठी चिमटा, सुती हातमोजे किंवा लाकडी पक्कड वापरण्याची पद्धत आहे. कोणी दोन्ही नगांवर औषधाच्या बाटलीचे झाकण पालथे घालतात, आणि ही शेवटची युक्ती, तिला कसलाही खर्च येत नसूनही, प्रत्यक्षात सर्वांत गुणकारी आहे हे मान्य केले पाहिजे.

शंभर नगांतून जमू शकणाऱ्या जोड्यांची संख्या ४,९५० भरते. सुदैवाने प्रत्येक जोडी लावून बघण्याची गरज नसते. एक नग आदर्श म्हणून कायम ठेवून बाकीच्यांची त्याच्याशी तुलना करावी, आकडे चढत्या क्रमाने लावावेत आणि शेजारी पडलेले दोन नग उचलावेत, एवढे पुरते. सुटे नग ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पायांना कागदी टेपचे क्रमांक लावून ते थर्माकोलच्या तुकड्यात रोवले जातात, अथवा अंड्यांच्या ट्रेमध्ये खणाखणाने ठेवले जातात. शाकाहारी घरांत तो ट्रे कोठून आला याचा खुलासा हा त्या आठवड्याचा मुख्य वादविषय होतो आणि ट्रान्झिस्टरांवरचे सगळ्यांचे लक्ष काही काळ उडते. मोजणी संपत आल्यावर एखाद्याचा धक्का लागून ट्रे पालथा होणे ही घटना या शास्त्रात इतकी नियमित आहे की तिचा समावेश कार्यपद्धतीतच करावा. दुसऱ्या दिवशी आदर्श नगाशी पुन्हा तुलना केली असता कालच्या पहिल्या पाच जोड्यांपैकी दोन फुटलेल्या आणि बाराव्या क्रमांकाची जोडी अव्वल आलेली दिसते. त्यावरून मापनातली त्रुटी ओळखण्याऐवजी ट्रान्झिस्टरांचा स्वभाव चंचल असल्याचा निष्कर्ष काढण्याकडे बहुतेकांचा कल असतो.

या सगळ्या खटाटोपाची खरी गंमत कळण्यासाठी २ ऑगस्ट १९२७ ची सकाळ पाहावी लागते. त्या दिवशी हॅरॉल्ड ब्लॅक हे बेल प्रयोगशाळेतील तरुण अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या लॅकावाना फेरीबोटीतून कामावर चालले होते. दूरध्वनीच्या लांबलचक तारांवर ठिकठिकाणी बसवलेले ॲम्प्लिफायर आवाज बिघडवीत, कारण त्यातला प्रत्येक व्हॉल्व्ह दुसऱ्याहून वेगळा असे आणि स्वतःच्या कालच्या वागण्याहूनही वेगळा असे. ब्लॅक यांना बोटीतच तोड सुचली आणि त्यांनी ती हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावर लिहून काढली: ॲम्प्लिफायरला गरजेपेक्षा पुष्कळ जास्त वाढ करू द्यावी, बाहेर पडलेल्या आवाजाचा अंश उलटा करून प्रवेशद्वारी आणावा आणि जादा वाढ त्यात खर्ची घालावी, म्हणजे उरलेली वाढ व्हॉल्व्हच्या लहरीवर न ठरता साध्या, शहाण्या रोधांच्या प्रमाणावर ठरते. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. घटक एकसारखे नसतात ही गोष्ट गृहीत धरून, त्यांचा स्वभाव कसाही असला तरी काम बिघडू नये, यासाठी हे तंत्र जन्माला आले, आणि पुढील जवळजवळ शंभर वर्षे जगातील उत्तमोत्तम अभियंत्यांनी आधी व्हॉल्व्हचा आणि मग ट्रान्झिस्टरचा व्यक्तिगत स्वभाव निष्प्रभ करण्यासाठी बुद्धी वेचली. घरचा संशोधक हेच तंत्र वापरलेला आराखडा निवडतो आणि त्यातल्या प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या व्यक्तिगत स्वभावाची कसून चौकशी सुरू करतो.

डिफरन्शिअल पेअरपुरतीही तोड उपलब्ध आहे. जोडीतल्या दोन बाजूंना सारखा प्रवाह मिळाला नाही तर विकृती, म्हणजे मूळ आवाजात नसलेल्या सुरांची भर, वाढते, ही गोष्ट ब्रिटिश अभियंता डग्लस सेल्फ यांनी आपल्या लेखनात सविस्तर दाखवली आहे. परंतु तो समतोल साधण्यासाठी निवडक नगांपेक्षा ‘करंट मिरर’ नावाचे दोन ट्रान्झिस्टरांचे उपमंडल आणि एमिटरमध्ये घातलेले लहान रोध पुरेसे होतात. एका मिलिअँपिअर प्रवाहावर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये १०० ओहमचा रोध घातला, तर व्हीबीईतील एका मिलिव्होल्टच्या फरकाने होणारा प्रवाहातला बदल चार टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आत येतो. अशा रीतीने अनेक संध्याकाळी खर्चून जे मिळवायचे ते दोन रोधांत पदरी पडते, आणि नेमके याच कारणासाठी तो उपाय या वर्गात अप्रिय आहे. ज्यांना रोधांचीही भीड वाटते त्यांच्यासाठी एकाच चकतीवर शेजारी शेजारी घडवलेल्या ट्रान्झिस्टरांच्या तयार जोड्या निघाल्या. नॅशनल सेमिकंडक्टरच्या एलएम३९४ मधील दोघांचे व्हीबीई ५० मायक्रोव्होल्टच्या आत जुळत, आणि दोघे एकाच कणावर राहत असल्याने एकाला ऊब लागली की दुसऱ्यालाही लागे. बोटाचा प्रश्नच मिटला. पण विकत आणलेल्या जोडीविषयी चारचौघांत काय बोलावे हा प्रश्न मिटला नाही.

न्यायाने पाहता, काही ठिकाणी मोजणी खरोखर अपरिहार्य आहे हेही नोंदवायला हवे. तोशिबाचा २एसके१७० हा फेट जातीचा ट्रान्झिस्टर, ज्यात प्रवाहाऐवजी व्होल्टेजने प्रवाहाचे नियमन होते, तो कमी गोंगाटासाठी इतका नावाजला गेला की उत्पादन थांबल्यावरही लोक जुने नग जपून वापरतात. त्याच्या निरनिराळ्या गटांत पूर्ण खुला असतानाचा प्रवाह २.६ पासून २० मिलिअँपिअरपर्यंत पसरलेला असल्याने, फीडबॅक न वापरणाऱ्या मंडलात न मोजता दोन नग बसवणे म्हणजे निव्वळ दैवावर हवाला ठेवणे होय. मॉसफेट या दुसऱ्या फेट जातीचे अनेक नग समांतर जोडून भार वाटून घ्यायचा असला, तरीही निवड करावीच लागते, कारण पुढारीपण घेणारा एकच नग सगळा प्रवाह ओढतो आणि बाकीचे नुसते गरम तव्यावर बसून राहतात. जॉन लिन्स्ले हूड यांनी वायरलेस वर्ल्ड या ब्रिटिश मासिकाच्या एप्रिल १९६९ च्या अंकात दिलेला चार ट्रान्झिस्टरांचा क्लास ए ॲम्प्लिफायर हेही असेच एक सन्मान्य उदाहरण आहे. त्यात शेवटचे दोन मोठे ट्रान्झिस्टर एकाच जातीचे असून त्यांचे गेन जुळतील तेवढी विकृती कमी होते, आणि मंडल इतके थोडक्यात आटोपलेले आहे की दुसरा कोणी ती चूक झाकायला नसतो. हा ॲम्प्लिफायर एका बाजूला दहा वॅट आवाज देण्यासाठी तीसेक वॅट अखंड जाळतो, गाणे चालू असो वा नसो, त्यामुळे त्याच्या बांधणीला महाबळेश्वरी हवामान अनुकूल आणि विदर्भातील प्रतिकूल समजले जाते. त्यात बसवलेल्या २एन३०५५ च्या जोडीचे गेन थंड अवस्थेत स्वस्त मीटरवर जुळवणे आणि मग त्यांना आयुष्यभर हात लावू न देणाऱ्या तापमानात ठेवणे, हा विरोधाभास बहुतेकांच्या पचनी पडलेला दिसतो.

जुळलेली जोडी बोर्डावर बसवण्याचा क्षण येतो तेव्हा साडेतीनशे अंशांच्या टोकाने तिला डाग दिला जातो, त्यामुळे ज्या नगांना बोटाची ऊब सोसत नव्हती त्यांनी हेही निमूट सोसावे अशी अपेक्षा असते. बोर्डावर एकाची जागा गरम रोधाजवळ आणि दुसऱ्याची झरोक्याजवळ आली, तर एक-दोन अंशांचा फरक सहज पडतो आणि दोन ते चार मिलिव्होल्टांची तूट उभी राहते, म्हणजे झाकणाखाली कमावलेले सगळे उघड्यावर गेले. यावर उतारा म्हणून दोन्ही नगांचे सपाट चेहरे उष्णतावाहक लेप लावून एकमेकांना भिडवतात आणि भोवती तांब्याची पट्टी किंवा उष्णतेने आकसणारी नळी आवळतात. हा उपाय शास्त्रशुद्ध आहे, आणि इतका परिणामकारक आहे की फारशी न जुळवलेली जोडीही त्यामुळे बऱ्यापैकी सांभाळून राहते. हे ज्याने पडताळून पाहिले तो मनुष्य सहसा ते बोलून दाखवत नाही.

अखेर ऐकण्याची परीक्षा होते. यासाठी बहुधा शास्त्रीय गायनाचे जुने ध्वनिमुद्रण निवडले जाते आणि श्रोत्याचे लक्ष गायकाकडे नसून तानपुऱ्याकडे वळवले जाते. जोडीच्या दोन तारा पूर्वी एक ऐकू येत होत्या, आता दोन ऐकू येतात, असा निर्वाळा दिला जातो. स्पीकर स्वतः खर्जाच्या सुरांत टक्क्याच्या घरात विकृती मिसळत असतो, मूळ मुद्रणातच फितीची सरसर आहे, आणि स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत आहे, या गोष्टींनी निर्वाळ्याला बाध येत नाही. न जुळवलेल्या ट्रान्झिस्टरांचा दुसरा ॲम्प्लिफायर आडपडद्याने लावून कोणता कोणता ते ओळखावे, अशी सूचना एखादा आगाऊ भाचा करतो. ही परीक्षा घेण्यात आली असता उत्तरे चुकल्यास त्या दिवशी लाइटचे व्होल्टेज कमी असल्याचे निष्पन्न होते, आणि बरोबर आल्यास परीक्षा पुन्हा घेण्याची गरज कोणालाच भासत नाही.

आता एक तपशील उरतो, जो या वर्गाबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसतो. सर्वांत उत्तम जोडी ॲम्प्लिफायरमध्ये बसवलेलीच नसते. ती इतकी उत्तम असते की पुढच्या, अधिक चांगल्या ॲम्प्लिफायरसाठी तिला छोट्या पिशवीत घालून, आकडा आणि तापमान लिहून, ड्रॉवरच्या मागच्या बाजूला ठेवण्यात येते. दुसऱ्या क्रमांकाची जोडी डाग देताना एक पाय तुटल्यामुळे बाद होते. आणि ज्या आवाजाचे कौतुक चालू असते तो तिसऱ्या क्रमांकाच्या जोडीतून येत असतो. राहिलेले सुटे नग ‘नापास’ अशी चिठ्ठी लावलेल्या बिस्किटांच्या डब्यात जातात. शेजाऱ्यांची दाराची घंटा, मुलीचा शाळेचा प्रकल्प किंवा इमारतीच्या टाकीचा पाण्याचा अलार्म बिघडला की त्यातलाच एखादा नग न बघता उचलून, न मोजता बसवला जातो आणि तो पहिल्याच खेपेस चालतो; मात्र त्याची वहीत नोंद केली जात नाही.